मोक्का लागल्यावर चोरीचा माल 'सरकारजमा' होतो का? मूळ मालकाने काय करावे?

पाटल्यांची लेक (प्रश्न)

गेल्या वर्षी माझ्या आई-वडिलांच्या घरावर दरोडा पडला. पहाटे पाच जण आत शिरले, वडिलांच्या गळ्याला चाकू लावून त्यांनी कपाटाच्या किल्ल्या घेतल्या आणि सुमारे १८० ग्रॅम सोने व २ लाख ४० हजार रुपये रोख घेऊन ते पसार झाले. तीन महिन्यांनी टोळी सापडली. त्यांच्याकडून आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ जशीच्या तशी मिळाली. उरलेले दागिने त्यांनी एका सराफाला विकले होते. त्याने ते वितळवून केलेली ९६ ग्रॅमची लगड पोलिसांनी त्याच्याकडून ताब्यात घेतली. रोख रकमेपैकी ३१ हजार हाती लागले. टोळीप्रमुखाने गेल्या दोन-तीन वर्षांत एक सदनिका आणि एक चारचाकी घेतली असून त्याही 'जप्त' केल्याचे आम्हाला सांगण्यात आले.

माल परत मिळावा म्हणून आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. त्याची सुनावणी होण्याआधीच टोळीला मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा) लागला, कागदपत्रे विशेष न्यायालयाकडे गेली आणि 'योग्य न्यायालयात दाखल करावा' असा शेरा मारून आमचा अर्ज परत आला. पुढे एका कार्यालयात चौकशी केली तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले की मोक्क्यातला सगळा माल सरकारजमा होतो, त्यामुळे खटल्याचा निकाल लागेपर्यंत अर्ज करण्यात अर्थ नाही आणि निकाल लागल्यावर तर मुळीच नाही. घरी येऊन मी तो कायदा वाचला. त्याच्या २० व्या कलमात खरोखरच 'राज्य शासनाकडे सर्व भारांपासून मुक्त अशी सरकारजमा होईल' अशा आशयाची तरतूद आहे, हे पाहून आईचा धीर सुटला.

चोरांकडून सापडलेली आमचीच वस्तू सरकारची होऊ शकते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. वितळलेल्या सोन्यावर आमचा हक्क उरतो का आणि जे सोने मिळालेच नाही त्याची भरपाई त्या सदनिकेतून होऊ शकते का, हेही जाणून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया कलमांसह सांगावे.

काळा कोट, करडे केस

ताई, खिडकीवरच्या गृहस्थांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आहेत. दोष त्यांचा एकट्याचा नाही, कारण मराठीत 'जप्त' हा शब्द आपण सर्रास या तिन्हींसाठी वापरतो. तपासात पोलीस वस्तू ताब्यात घेतात आणि जप्ती पंचनामा करतात, ही पहिली जप्ती. तिचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १०२ हे आहे, आणि तिने मालकी तसूभरही हलत नाही. वस्तू केवळ पुरावा म्हणून थांबवून ठेवलेली असते. न्यायालय एखाद्या मालमत्तेवर टाच आणते ती दुसरी. मालकी मालकाकडेच राहते, पण विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा दान करण्याचा अधिकार गोठतो. तिसरी म्हणजे सरकारजमा करणे, ज्याला कायद्याच्या मराठीत समपहरण म्हणतात. त्यात मात्र मालकीच जाते आणि शासनाकडे येते. आपल्या पाटल्या आज पहिल्या प्रकारात आहेत. त्या तिसऱ्या प्रकारात जाण्याचा मार्ग कायद्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण २० व्या कलमातल्या ज्या शब्दांवरून आपली नजर बहुधा घसरली त्यांत आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमाच्या कलम २० (१) नुसार या कायद्याखाली दोषी ठरलेल्या व्यक्तीची 'तिच्या मालकीची' स्थावर किंवा जंगम मालमत्ता शिक्षेच्या जोडीने सरकारजमा करण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला आहे. पोटकलम (२) प्रमाणे खटला चालू असताना आरोपीच्या मालकीच्या मालमत्तेवर टाच आणता येते आणि दोषसिद्धी झाल्यास ती सरकारजमा होते. दोन्ही ठिकाणी मालकीची अट आहे. चोराकडे चोरीच्या वस्तूचा कबजा असतो, मालकी कधीच नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ (१) मधली चोरीच्या मालाची व्याख्याही हेच गृहीत धरते: चोरी, खंडणी, जबरी चोरी किंवा फसवणूक करून हस्तांतरित झालेली वस्तू कितीही हात फिरली तरी चोरीचीच राहते, आणि कायदेशीर हक्कदाराच्या ताब्यात परत गेली की तिच्यावरचा तो शिक्का पुसला जातो. वस्तूने मालकाकडे परतावे हाच तिचा स्वाभाविक शेवट कायद्याने मानला आहे.

'सर्व भारांपासून मुक्त' या शब्दांनी आपण घाबरलात, हे समजण्यासारखे आहे. परंतु भार नेहमी मालकीवर चढतो. आरोपीने स्वतःच्या मालमत्तेवर निर्माण केलेले गहाण, बोजा यांचा विचार त्या शब्दांत आहे. आपली मालकी हा आरोपीच्या मालकीवरचा भार नव्हे, कारण तिथे आरोपीला मालकीच नाही. मोक्क्याच्या कलम १७ (२) मध्ये एक गृहीतक आहे, त्याचीही भीती बाळगू नये. संघटित गुन्ह्यात गुंतलेल्या व्यक्तीकडे किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणाकडे समाधानकारक हिशेब देता येणार नाही अशी मालमत्ता आढळली, तर ती बेकायदा कृत्यांतून मिळवली असे न्यायालयाने, उलट सिद्ध होईपर्यंत, मानायचे आहे. हे गृहीतक आपल्या विरोधात जात नाही. उलट त्या सदनिकेच्या बाबतीत ते आपल्या उपयोगाचे आहे.

आता लगडीबद्दल. खटला संपताना मालाची विल्हेवाट कशी लावायची हे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९८ सांगते. त्याच्या शेवटच्या पोटकलमात 'मालमत्ता' या शब्दाचा अर्थ मुद्दाम विस्तृत केलेला आहे: मूळ वस्तू तर त्यात येतेच, पण तिचे ज्यात रूपांतर झाले किंवा जिच्याशी तिची अदलाबदल झाली ती वस्तू, आणि त्या रूपांतरातून वा अदलाबदलीतून लगेच किंवा पुढे केव्हाही मिळवलेली वस्तूही त्यात येते. जुन्या संहितेच्या ४५२ (५) मध्ये हीच तरतूद होती. म्हणजे दागिना वितळल्याने आपला हक्क वितळत नाही. अडचण येते ती पुराव्याची, आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा ज्यांनी मुद्देमाल सांभाळला आहे त्यांनी लिहिलेले बरे.

निकालाची वाट पाहण्याचे तर काहीच कारण नाही. खटला चालू असताना ताबा देण्याची तरतूद कलम ४९७ मध्ये आहे. जुने कलम ४५१. नव्या संहितेने त्यात मुदती घातल्या आहेत. माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने त्याचे विवरण तयार करायचे, छायाचित्रे आणि गरज असल्यास चित्रीकरण करून घ्यायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत तो कोणाला द्यायचा याचा आदेश करायचा. माल प्रत्यक्ष न्यायालयापुढे आणला नसून पोलिसांनी केवळ अहवाल पाठवला असेल तर कलम ५०३ लागते. अर्जाच्या शीर्षकात दोन्ही कलमे लिहावीत, म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर अर्ज अडत नाही. अर्ज विशेष न्यायालयातच करावा लागेल, एवढा शेरा बरोबर होता.

मालखान्यातला जुना

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आणि नोकरीची अखेरची नऊ वर्षे मुद्देमाल कारकून होतो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे. मी कपाटातली गोष्ट सांगतो.

पाटल्या आणि मोहनमाळ यांची फारशी चिंता करू नये. फिर्यादीत वर्णन आहे, पंचनाम्यात वर्णन आहे, आणि आईंनी पंचांसमोर त्या ओळखल्या असतील तर ओळख पंचनामाही आहे. या तीन कागदांत वजन, घडण आणि खुणा जुळतात का हे अर्जाआधी स्वतः पाहून घ्यावे. फिर्यादीत वजन अंदाजाने सांगितलेले असते आणि पंचनाम्यात काट्यावरचे लिहिलेले असते. चार-पाच ग्रॅमचा फरक असला तरी आरोपीचे वकील त्यावर बोट ठेवतात. म्हणून अर्जातच लिहून टाकावे की फिर्यादीतले वजन घाबरलेल्या अवस्थेत अंदाजाने सांगितले होते. पावती, लग्नातले छायाचित्र, सोनाराच्या वहीतील नोंद, असे जे असेल ते जोडावे. नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि तो पावतीशी जुळला तर वादच उरत नाही. मात्र आईंच्या पाटल्या जुन्या असतील, तर त्यावर असा क्रमांक असण्याची शक्यता नाही.

खरा घोळ लगडीत होतो. सराफ दागिने वितळवतो तेव्हा एकाच फिर्यादीचे सोने मुशीत टाकतो असे नाही. चार घरांतले सोने एकत्र होते आणि मग ९६ ग्रॅमच्या लगडीवर चार फिर्यादी हक्क सांगतात. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. सराफाकडे कोण, कोणत्या तारखेला, किती माल घेऊन गेला याचे आरोपीने केलेले निवेदन आणि त्यावरून झालेली जप्ती हा पहिला दुवा आहे. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे जुन्या कायद्याच्या कलम २७ मध्ये, ते बसते. सराफाची खरेदी वही आणि त्याने दिलेले पैसे हा दुसरा. तिसरा दुवा म्हणजे त्याच लगडीवर दुसऱ्या गुन्ह्यातल्या फिर्यादीने अर्ज केला आहे का, हे मुद्देमाल नोंदवहीतून समजते. लगड एकाच गुन्ह्यात दाखवली असेल तर आपले काम सोपे आहे. दोन-तीन गुन्ह्यांत विभागून दाखवली असेल तर सगळ्या फिर्यादींनी एकत्र येऊन वजनाच्या प्रमाणात वाटून घेण्याची लेखी तयारी दाखवावी. माझ्या अनुभवात भांडणाऱ्या फिर्यादींचे सोने कपाटातच राहिले आणि समजुतीने आलेल्यांचे दोन तारखांत सुटले.

एक नवी सोयही विसरू नये. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. सराफाच्या दुकानातले ते चित्रीकरण आपल्या अर्जाला पूरक ठरू शकते. दोषारोपपत्रासोबत ते दाखल झाले आहे का, हे वकिलांमार्फत पाहून घ्यावे.

तपासी अधिकारी अनेकदा 'माल पुराव्यासाठी आवश्यक आहे' असे एका ओळीचे म्हणणे देतात. आम्हीही देत होतो, कारण माल सोडल्यावर साक्षीच्या वेळी तो हजर झाला नाही तर जाब आम्हालाच विचारला जातो. पण सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मौल्यवान वस्तू वर्षानुवर्षे पोलिसांच्या ताब्यात ठेवण्यात काहीही हशील नाही. सविस्तर पंचनामा, छायाचित्रे आणि मागितल्यास वस्तू हजर करण्याचे बंधपत्र घेऊन ती हक्कदाराला द्यावी. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडावी. आमच्या कपाटात लग्नाचे दागिने पडून राहिले आणि दरम्यान ज्या मुलीसाठी ते केले होते तिची मुले शाळेत जाऊ लागली, अशीही उदाहरणे मी पाहिली आहेत.

दुसरी बाजू

वकीलसाहेबांशी पाटल्या आणि लगडीबाबत मी पूर्ण सहमत आहे. परंतु सदनिकेच्या बाबतीत प्रश्नकर्त्या ताईंना खोटी आशा लागू नये, म्हणून हे लिहीत आहे. मी सरकार पक्षाच्या बाजूने काम पाहिले आहे.

सदनिका आणि गाडी या चोरीच्या वस्तू नाहीत. त्या आरोपीने विकत घेतल्या आहेत, त्याच्या नावावर आहेत, आणि म्हणूनच २० व्या कलमातल्या 'मालकीची' या शब्दात त्या नेमक्या बसतात. इथे पोटकलम (१) आणि (२) यांतला एक बारीक फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्यात न्यायालय सरकारजमेचा आदेश 'करू शकते'. तो विवेकाधिकार आहे. दुसऱ्यात खटल्यादरम्यान एकदा टाच आली आणि शेवटी शिक्षा झाली, की ती मालमत्ता सरकारजमा 'होते'. या दुसऱ्या वाटेने गेलेल्या सदनिकेतून फिर्यादीला वाटा देण्याची कोणतीही तरतूद मोक्क्यात नाही. १९९९ मध्ये हा कायदा झाला तेव्हा टोळ्यांची आर्थिक ताकद मोडणे हा हेतू होता. लुटल्या गेलेल्या माणसाची भरपाई कशी व्हावी हा विचार त्यात जवळपास नाहीच. ही उणीव आहे आणि ती उणीव म्हणूनच सांगितली पाहिजे.

वृत्तपत्रांतून लोकांच्या डोक्यात बसलेले चित्र आणखी वेगळे आहे. २०१७ मध्ये मुंबईत भेंडी बाजार परिसरातल्या दाऊद इब्राहिमच्या मालमत्तांचा लिलाव झाला तो मोक्क्याखाली नव्हता. तस्कर आणि परकीय चलनाचा गैरव्यवहार करणाऱ्यांच्या मालमत्तेसंबंधीचा १९७६ चा केंद्रीय कायदा आहे, त्याखाली तो झाला, आणि त्यात मालमत्ता केंद्र सरकारकडे जाते.

फिर्यादीसाठी खरा उपयुक्त दरवाजा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने उघडला आहे. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मान्यतेने तपासी अधिकारी न्यायालयाकडे अर्ज करतो की अमुक मालमत्ता गुन्ह्यातून मिळवलेली आहे. न्यायालय संबंधिताला १४ दिवसांत कारण दाखवण्याची नोटीस देते आणि मालमत्ता गुन्ह्याचे उत्पन्न असल्याचे आढळले तर ती गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तींमध्ये प्रमाणशीर वाटण्याचा आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांना देते. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत वाटप करायचे असते. कोणी दावेदारच नसेल, किंवा सर्वांना देऊन काही उरले, तरच ते सरकारजमा होते. क्रम लक्षात घ्यावा: मोक्क्याच्या कलम २० मध्ये सरकार पहिले आणि एकमेव आहे, तर कलम १०७ मध्ये सरकार शेवटचे आहे. 'गुन्ह्याचे उत्पन्न' या संज्ञेत अशा मालमत्तेचे मूल्यही येते, त्यामुळे न सापडलेल्या सोन्याची किंमतही तिथे मांडता येते.

हा अर्ज फिर्यादीला स्वतः करता येत नाही, तो पोलिसांनी करायचा असतो, ही पहिली अडचण. मोक्क्याच्या कलम २५ ने त्या कायद्याला इतर कायद्यांवर वरचष्मा दिलेला असल्यामुळे दोन्ही वाटा एकाच सदनिकेपाशी येऊन भिडल्या तर कोणती चालेल यावर युक्तिवाद होणार, ही दुसरी. माझ्या मते विसंगती असेल तिथेच वरचष्म्याचा प्रश्न येतो, आणि कलम २० (२) ची टाच येण्याआधी कलम १०७ खाली कार्यवाही सुरू झाली असेल तर विसंगती दाखवणे कठीण आहे. म्हणून आपल्या सदनिकेवरची 'जप्ती' नेमकी कोणत्या कलमाखाली झाली आहे, हे सर्वांत आधी शोधून काढावे. त्या एका कागदावर आपली पुढची दिशा ठरेल. टाच अजून आलेलीच नसेल, तर पोलीस अधीक्षकांना कलम १०७ चा अर्ज करण्याची लेखी विनंती तातडीने करावी.

आरोपी फरारी असता तर आणखी निराळी प्रक्रिया लागली असती. मोक्क्याच्या कलम २० (३) मध्ये उद्घोषणा आणि टाच यांची तरतूद आहे, आणि तिथे त्रयस्थाला आपला हक्क सांगायला टाचेपासून सहा महिन्यांची मुदत मिळते. आपल्या प्रकरणातली टोळी अटकेत असल्यामुळे मी त्यात शिरत नाही.

रोख ३१ हजारांबद्दल एकच सांगतो. नोटा ओळखता येत नाहीत, पण आरोपीला त्या रकमेचा हिशेब देता आला नाही आणि दुसरा दावेदार नसेल तर न्यायालये ती बहुधा फिर्यादीला देतात.

मुशीतला माणूस

माझे सराफी दुकान आहे, त्यामुळे सराफाच्या बाजूने दोन शब्द लिहितो, पण बचाव म्हणून नव्हे. तीन वर्षांपूर्वी एका नेहमीच्या ग्राहकाने आणलेल्या चार बांगड्या मी ओळखपत्राची प्रत घेऊन, वहीत नोंद करून, खात्यात पैसे भरून विकत घेतल्या. आठ महिन्यांनी पोलीस आले आणि त्या बांगड्या चोरीच्या निघाल्या. मी प्रामाणिक खरेदीदार होतो आणि चौकशीत तसे मान्यही झाले. तरी सोने गेले ते गेलेच.

वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम २७ असे आहे की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असतो त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. पैसे मोजले, पावती केली, तरी चोराकडून मालकी मिळत नाही. तेव्हा ताई, त्या सराफाने 'मी पैसे देऊन घेतले आहे' असे म्हणत आपल्या अर्जाला विरोध केला, तर एवढे कलम पुरेसे आहे. आमच्यासारख्यांसाठी कायद्यात छोटासा दिलासा आहे: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ प्रमाणे आरोपी दोषी ठरला, अटकेच्या वेळी त्याच्याकडे पैसे सापडले आणि आम्ही वस्तू मूळ मालकाला परत केली, तर त्या पैशांतून आम्ही दिलेल्या किमतीपर्यंतची रक्कम आम्हाला मिळू शकते. माझ्या प्रकरणात आरोपीच्या खिशात दोनशे रुपये होते.

आपल्या प्रकरणातला सराफ मात्र अशा सवलतीस पात्र दिसत नाही. दरोड्यानंतर लगेच, पावतीशिवाय, तुकड्यांत आलेले सोने घेऊन ते तातडीने वितळवणारा माणूस काय विकत घेत आहे हे जाणून असतो. संघटित गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता बाळगणाऱ्याला मोक्क्याच्या कलम ३ (५) खाली किमान तीन वर्षे ते जन्मठेप आणि किमान दोन लाख रुपये दंड आहे, आणि त्या कलमाच्या भाषेत 'माहीत असूनही' असे शब्द घातलेले नाहीत. हे वाचून सरळ व्यवहार करणाऱ्यालाही घाम फुटतो. म्हणून मी आता जुने सोने घेतले की ते काही दिवस तसेच ठेवतो, मुशीत टाकत नाही.

पाटल्यांची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आज वकिलांकडून दोषारोपपत्राची प्रत पाहिली. लगड फक्त आमच्याच गुन्ह्यात दाखवलेली आहे. सदनिकेबाबत मात्र टाचेचा कोणताही आदेश आढळला नाही; केवळ मूळ खरेदीखत आणि किल्ल्या पंचनामा करून ताब्यात घेतल्या आहेत. म्हणजे जिला आम्ही जप्ती समजत होतो ती केवळ कागदांची होती.

दोन शंका उरतात. आरोपी उद्या मोक्क्यातून सुटले तर पाटल्या परत द्याव्या लागतील का? आणि बंधपत्रावर मिळालेल्या पाटल्या आई घालू शकेल का? प्रश्न बालिश वाटेल, पण पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे आणि आईने दोनदा विचारले आहे.

काळा कोट, करडे केस

प्रश्न बालिश मुळीच नाही. बंधपत्राचा अर्थ एवढाच की न्यायालय म्हणेल तेव्हा वस्तू त्याच रूपात हजर करायची. घालण्यास हरकत नाही. विकणे, गहाण ठेवणे, मोडून नवे करणे आणि पॉलिश करून खुणा घालवणे या गोष्टी टाळाव्यात. आदेशात वेगळी अट घातली असेल तर ती पाळावी.

निर्दोष सुटकेबद्दल. मोक्का टिकला नाही तरी दरोड्याचा आरोप स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. आणि सगळेच आरोप पडले तरी कलम ४९८ खाली न्यायालयाला हक्कदार कोण हे पाहावेच लागते. सामान्यतः सुटलेल्या आरोपीकडून घेतलेली वस्तू त्याला परत जाते, हे खरे. पण दरोड्यातले आरोपी सहसा 'ते दागिने माझ्याकडून जप्त झालेच नाहीत' असाच बचाव घेतात, आणि जो वस्तू आपली नसल्याचे सांगतो त्याला ती परत मागता येत नाही. फौजदारी न्यायालय ताब्याचा निर्णय करते, मालकीचा अंतिम वाद दिवाणी न्यायालयात जातो. आपल्या बाबतीत तिथवर कोणी जाईल असे मला वाटत नाही. विमा उतरवला होता का, हे आपण लिहिलेले नाही. विमा कंपनीने भरपाई दिली असेल तर ती रक्कम अर्जात दडवू नये, कारण दिलेल्या रकमेपुरती ती कंपनी आपल्या जागी उभी राहते.

सदनिकेवर टाच नाही ही बातमी दुधारी आहे. 'दुसरी बाजू' यांनी सांगितलेली कलम १०७ ची वाट मोकळी आहे, आणि त्याचबरोबर आरोपीचे नातेवाईक ती सदनिका विकायलाही मोकळे आहेत. मूळ खरेदीखत पोलिसांकडे असल्याने ते फार तर अडखळतील. तेव्हा पोलीस अधीक्षकांना द्यायची विनंती पाटल्यांच्या अर्जाची वाट न पाहता याच आठवड्यात द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि प्रत विशेष सरकारी वकिलांना द्यावी. न मिळालेल्या सोन्याचे वजन, रोख रकमेतील तूट आणि त्यांचे पुरावे तिला जोडावेत. शिक्षा झालीच तर दंडातून भरपाई देण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालयाला आहे, आणि मोक्क्यातल्या मूळ गुन्ह्याचा दंड बहुतेक प्रसंगी किमान पाच लाखांचा असतो; युक्तिवादाच्या वेळी सरकारी वकिलांना त्याची आठवण करून द्यावी, नाहीतर ती मागणी राहून जाते.

पाटल्यांची लेक

विनंती आज दिली, पोच मिळाली. विम्याचा प्रश्न नाही, विमा नव्हता. पाटल्या आणि मोहनमाळेचा अर्ज वेगळा आणि लगडीचा वेगळा करत आहोत, म्हणजे एकावर हरकत आली तरी दुसरा अडणार नाही. मालखान्यातल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे फिर्यादीतले आणि पंचनाम्यातले वजन पडताळले: पाटल्यांत तीन ग्रॅमचा फरक निघाला. आईचे म्हणणे असे की फरक तिच्या अंदाजात नसून चाळीस वर्षांच्या झिजेत आहे. अर्जात दोन्ही कारणे लिहिली आहेत.